कंपनीचा पत्ता घराबाहेर काढताना

कंपनी काढताना नावावर लोक पंधरा-पंधरा दिवस खल करतात आणि पत्त्याच्या रकान्यात दोन मिनिटांत घरचा पत्ता टाकून मोकळे होतात. भुसावळात पुष्कळांना ही सोयही नसते. ज्या घरात लहानाचे मोठे झालो ते घर रेल्वेचं असतं, नाहीतर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतलं, नाहीतर दीपनगरला औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीतलं. नोंदणीकृत कार्यालय दुसऱ्याच्या जागेत असेल तर कंपनी कायद्याला हवी असते जागेच्या मालकाची संमती आणि सोबत वीज, गॅस किंवा टेलिफोनचं दोन महिन्यांच्या आतलं बिल. क्वार्टरचा मालक म्हणजे सरकार, आणि 'मुलाच्या प्रायव्हेट लिमिटेडला आमच्या क्वार्टरचा पत्ता वापरू द्यावा' अशा अर्जावर सही करणारा अधिकारी अजून जन्माला यायचा आहे. क्वार्टर राहण्यासाठी दिलेलं असतं. तिथे धंद्याची पाटी लागली आणि कुणी तक्रार केली, तर आधी क्वार्टरच अडचणीत येतं.

यालाच जोडून एक गोष्ट रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरांत नीट सांगायला हवी. १९६६ च्या रेल्वे सेवा (वर्तणूक) नियमांनुसार कर्मचाऱ्याला स्वतः व्यापार करता येत नाही, आणि घरातलं कुणी धंदा करत असेल तर ते कार्यालयाला कळवावं लागतं. 'सौ.च्या नावावर काढू' हा मार्ग बंद नाही, पण कळवून काढायचा. पत्ता वेगळा असला की हे प्रकरण स्वच्छ राहतं. कळवायचं टाळण्यासाठी मात्र तो वेगळा करू नये.

ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनीही लगेच गाळा शोधायला धावू नये. घरचा पत्ता देण्याला कायद्याची मनाई नाही. एकट्याचं डिझाइनचं, हिशेबाचं, सॉफ्टवेअरचं काम असेल, माल येत-जात नसेल, तर पहिलं वर्ष घरूनच काढलेलं बरं. वीजदराचीही तितकी धास्ती नको. महावितरणच्या दरनियमांत घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महिना ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दराची मुभा दिलेली आहे. त्यापुढे गेलात, किंवा अख्खी खोली गोदाम-कार्यालय झाली आणि मीटर घरगुतीच राहिलं, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. ती आली की 'घरचा पत्ता फुकट पडतो' हा हिशेब तिथेच संपतो.

मग घराबाहेर कधी पडावं? माझ्या मते पैशापेक्षा माणसांकडे बघून ठरवावं. कंपनीत दुसरा भागीदार आला की घरचा पत्ता त्याच दिवशी कालबाह्य समजावा. उद्या दोघांचं फाटलं तर कंपनीच्या नोटिसा तुमच्या दारात येत राहतील आणि पत्ता बदलायला लागणारी संचालक मंडळाची बैठकच होणार नाही. दुसरी खूण, कामगार पगारासाठी आणि पुरवठादार उधारीसाठी घरी यायला लागणं. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता ही सार्वजनिक माहिती आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कुणालाही तो दिसतो. वसुलीवाला रात्री नऊला आला तरी त्याला पत्ता तुम्हीच दिलेला असतो. तिसरी खूण आपल्याकडे फार आढळते: घर चार भावांच्या सामाईक नावावर असणं. आज सगळे 'हो' म्हणतात, पण वाटणीची बोलणी सुरू झाली की दिलेलं संमतीपत्र मागे घेण्यापासूनच सुरुवात होते.

एकाच पत्त्याने सगळं भागवण्याचा हट्ट नको

कागदावर किमान तीन पत्ते असू शकतात, आणि ते एकच असावेत असा नियम नाही. पहिला नोंदणीकृत कार्यालयाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे कंपनी स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत असा पत्ता असायला हवा, जिथे कंपनीच्या नावाचं पत्र, नोटीस घेतली जाईल आणि पोहोच दिली जाईल. दुसरा जीएसटीतला व्यवसायाचं मुख्य ठिकाण म्हणून दिलेला, म्हणजे जिथून खरोखर धंदा चालतो तो. तिसरा गोदामाचा, शेडचा, साइटचा. तो जीएसटीत अतिरिक्त ठिकाण म्हणून जोडता येतो. हिशेबाची पुस्तकं नोंदणीकृत कार्यालयाऐवजी दुसरीकडे ठेवायची असतील तर संचालक मंडळाचा ठराव करून सात दिवसांत एओसी-५ फॉर्म भरावा लागतो. सीए आठवण करून देत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

दीपनगरच्या राखेपासून विटा करणाऱ्याने शेडचाच पत्ता नोंदणीकृत कार्यालय म्हणून द्यायची गरज नाही. शेड भाड्याची, गावाबाहेर, रात्री कुलूपबंद. पोस्टमन तिथे जाणार कधी? त्याने गावातली एक खोली नोंदणीकृत ठेवावी आणि शेड जीएसटीत जोडावी. केळीच्या व्यापाऱ्याचंही तसंच असतं. त्याचं सावदा-रावेरकडचं पॅकिंगचं ठिकाण हंगामी, म्हणून भुसावळचा पत्ता कायम. रेल्वेची किंवा वीज केंद्राची कंत्राटं घेणाऱ्याला तर पत्ता बारा महिने एकच लागतो, कारण निविदेत, कामगार विम्यात, भविष्य निर्वाह निधीत आणि बँक गॅरंटीत तोच छापलेला असतो.

भुसावळात जागा कोणत्या मिळतात

जामनेर रोड, यावल रोड, खडका रोड किंवा मॉडर्न रोडच्या एखाद्या इमारतीतली पहिल्या मजल्यावरची खोली ही माझी पहिली शिफारस. तळमजल्याचं दर्शनी दुकान ज्याला गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं त्याने घ्यावं. कंत्राटदाराला किंवा सेवा देणाऱ्याला रस्त्याकडच्या शटरचं भाडं भरून काय मिळणार? वरच्या खोलीत दोन गोष्टी बघून घ्या: जिन्याखाली पाटी लावायला मालक देतो का, आणि मीटर स्वतंत्र व व्यापारी आहे का.

नगरपालिकेच्या संकुलातला गाळा स्वस्त आणि मोक्याचा असतो, म्हणून त्यावर उड्या पडतात. इथे सावध. तो गाळा आज ज्याच्या ताब्यात आहे तो पालिकेचा भाडेकरू असतो आणि तुम्ही होणार पोटभाडेकरू. तुम्हाला संमतीपत्र देण्याचा अधिकार त्याला आहे का, हे पालिकेशी झालेला त्याचा करारच सांगेल. तो दाखवायला तो का-कू करत असेल तर पाय मागे घ्या. शेजारी जळगावातच याचं मोठं उदाहरण आहे. महापालिकेच्या व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचे करार २०१२ मध्ये संपले आणि भाडं, थकबाकी, नूतनीकरण यांवरून गाळेधारक आणि महापालिका यांचा वाद वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत फिरत राहिला. त्या काळात गाळ्यांतला धंदा थांबला नाही. पण ज्याच्या कंपनीचा नोंदणीकृत पत्ता असा गाळा असेल, त्याला बँकेने 'चालू करार दाखवा' म्हटलं तर दाखवायला काय उरतं?

एमआयडीसीतली शेड उत्पादकाला उत्तम. तिथली जमीन महामंडळाची आणि प्लॉटधारक ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. त्याने अर्धी शेड तुम्हाला द्यायची तर महामंडळाची परवानगी आणि त्याचं शुल्क लागतं. 'आपसात करून टाकू' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा. शिवाय औद्योगिक क्षेत्र शहराच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीच्या शिवारात असू शकतं. शहरातून तिकडे नोंदणीकृत कार्यालय नेणं म्हणजे कायद्याच्या भाषेत एका शहर-गावाची हद्द ओलांडणं, आणि त्याला नुसता संचालक मंडळाचा ठराव पुरत नाही, भागधारकांचा विशेष ठराव लागतो. नवरा-बायको दोघंच भागधारक असतील तर एका संध्याकाळचं काम, पण कागद मात्र पूर्ण हवेत.

मामाचं, सासऱ्याचं, मित्राचं दुकान हा आपल्याकडचा सर्रास मार्ग. वाईट नाही. उलट तिथे दिवसभर माणूस असतो, ही मोठी जमेची बाजू. फक्त नातं म्हणून तोंडी ठेवू नका. थोडं का होईना भाडं ठरवा, बँकेतून द्या, करार करा, आणि मालक संचालकाचा नातेवाईक असेल तर संचालक मंडळाचा ठराव करून ठेवा. त्याच दुकानात मामांची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर एका जागेवर दोन नोंदण्या चालतात. पण तुमचं टेबल, कपाट आणि पाटी वेगळी दिसायला हवी. अधिकारी जागा बघायला आला की हेच शोधतो.

आणि पुण्या-मुंबईचा 'व्हर्च्युअल ऑफिस' पत्ता? तरुण मंडळी विचारतात, कारण लेटरहेडवर बाणेर किंवा अंधेरी छान दिसतं. ज्याचा धंदा खरोखर तिकडे आहे त्याने जरूर घ्यावा. ज्याची माणसं, माल, बँक सगळं भुसावळात आहे त्याने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे आलेली नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचणं तिसऱ्या माणसाच्या मर्जीवर, आणि वर्षाचं शुल्क चुकलं की पत्ताच बंद. शिवाय पुण्याचं कंपनी निबंधक कार्यालय वेगळं. उद्या परत जळगाव जिल्ह्यात यायचं तर राज्य तेच असूनही निबंधकाचं क्षेत्र बदलतं, आणि त्यासाठी प्रादेशिक संचालकांची परवानगी लागते. ऐटीसाठी एवढा फेरा कशाला?

वीजबिलावर आजोबांचं नाव

आता खरी मेख. जागा पसंत पडते, भाडं ठरतं आणि कागद मागितले की मालक जे वीजबिल पुढे करतो त्यावर त्याच्या वडिलांचं, कधी आजोबांचं नाव असतं. घरपट्टीच्या उताऱ्यावर तीन भावांची नावं. पत्ता बिलावर एक, उताऱ्यावर दुसरा: एकीकडे सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर, दुसरीकडे नुसतं 'मंदिराच्या मागे'. माणूस खरा, जागा खरी, पण कागदांची एकमेकांशी ओळख नाही.

म्हणून पसंतीची टोकन रक्कम देण्याआधी मालकाकडून चालू वीजबिल आणि नगरपालिकेचा घरपट्टी उतारा, जागा ग्रामपंचायतीत असेल तर नमुना आठचा उतारा, मोबाइलवर मागवून घ्या. दोन्ही समोरासमोर ठेवून नाव आणि पत्ता अक्षरन् अक्षर ताडून पहा. नाव मयताचं असेल तर वारस म्हणून महावितरणकडे नाव बदलून घेणं हे मालकाचं काम. ते करारावर सही होण्याआधी करायला लावा. सही झाल्यावर, अनामत दिल्यावर, मालकाला त्यात काही स्वारस्य उरत नाही. भावांची नावं असतील तर संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्या, नाहीतर सह्या करायचे अधिकार एकाला दिल्याचा कागद घ्या.

पत्ता कसा लिहायचा हेही इथेच ठरवून टाका. मालमत्ता क्रमांक किंवा प्लॉट नंबर, मजला, इमारतीचं नाव, रस्ता, ओळखीची खूण, भुसावळ, जि. जळगाव, ४२५२०१. एकदा लिहिलं की कंपनी, जीएसटी, पॅन, उद्यम, बँक सगळीकडे तोच मजकूर, तोच क्रम, तेच स्पेलिंग. इंग्रजी फॉर्ममध्ये एकदा 'जामनेर रोड' आणि एकदा 'जामनेर नाका' असं लिहून लोक स्वतःच्याच मागे शुक्लकाष्ठ लावून घेतात. पिनकोड मालकाला तोंडी विचारू नका, पोस्टात विचारा. भुसावळ शहर, ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत आणि दीपनगर यांचे पिन वेगवेगळे आहेत.

जीएसटीसाठी कागद किती लागतात यावर बरेच गैरसमज आहेत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनेप्रमाणे मालकीसाठी घरपट्टी पावती, पालिकेचा उतारा, वीजबिल यांपैकी कोणताही एक पुरावा पुरे. भाड्याची जागा असेल तर सोबत भाडेकरार, आणि करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचा ओळखीचा पुरावाही. त्यापलीकडे फोटो, मालकाचं पॅन असं काही मागितलं गेलं तर त्या सूचनेकडे नम्रपणे लक्ष वेधायला हरकत नाही.

करार, आणि अकरा महिन्यांची अंधश्रद्धा

"अकरा महिन्यांचं करू, नोटरी करून टाकू, रजिस्टर-बिस्टर नको." हे वाक्य प्रत्येक मालकाच्या तोंडी असतं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही ही समजूत इतर राज्यांत ठीक असेल, महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि नोंदवलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं मानायचं असं त्या कलमात आहे. हे मालकाला शांतपणे समजावून सांगा; 'रजिस्टर नको' म्हणणारा मालक 'उद्याच करू' म्हणेल.

खर्चाची भीती तर अगदीच अनाठायी. समजा भाडं महिना ८,००० रुपये, अनामत ५०,००० आणि मुदत तीन वर्षं. तीन वर्षांचं भाडं २,८८,००० झालं. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरायचं, ते १५,०००. दोन्ही मिळून ३,०३,०००, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे साडेसातशेच्या आसपास. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. करार ऑनलाइनही नोंदवता येतो. दरवर्षी अकरा महिन्यांचा नवा करार करत बसण्यापेक्षा तीन वर्षांचा एकदाच करून भाडेवाढ त्यातच लिहिणं दोघांनाही सोपं.

करारात नेहमीच्या मसुद्यात नसणारी तीन वाक्यं घालून घ्या. जागेचा वापर कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून होईल व मालकाची त्याला संमती आहे. कंपनीच्या नावाची पाटी लावता येईल. जागा सोडल्यावर पत्ता बदलेपर्यंत, दोन महिने म्हणा, तिथे आलेली पत्रं मालक घेऊन कळवेल.

कंपनी अजून जन्मलीच नसेल तर तिच्या नावाने करार कसा करायचा, हा प्रश्न येतोच. अर्जाच्या वेळी मालकाचं संमतीपत्र आणि बिल पुरतं. कंपनी स्थापन झाल्यावर करार कंपनीच्या नावाने करून घ्यावा. जागा ठरायचीच असेल तर अर्जात तूर्त फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता देऊन, स्थापनेनंतर ३० दिवसांत आयएनसी-२२ फॉर्मने नोंदणीकृत कार्यालय कळवता येतं. धंदा सुरू करत असल्याचं घोषणापत्र १८० दिवसांत भरायचं असतं, तेही हा पत्ता नोंदल्याशिवाय भरता येत नाही.

भाड्याबद्दल आणखी एक बाब, जी पहिल्या वर्षी बहुतेकांना माहीतच नसते. तुमची कंपनी जीएसटीत नोंदलेली आहे आणि गाळ्याचा मालक नोंदलेला नाही, असं असेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हालाच भरावा लागतो. यालाच आरसीएम म्हणतात. ८,००० भाड्यावर १,४४० रुपये दरमहा, रोख खात्यातून. तो नंतर इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, त्यामुळे नियमित करदात्याचं नुकसान नाही, पण स्वतःचंच बिल स्वतः बनवून रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. ते राहिलं तर व्याज. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आहे. भाडं महिना ५०,००० च्या वर गेलं तर टीडीएसही कापायचा, पण तेवढी वेळ आली तर अभिनंदन.

पाटी आणि पोस्टमन

नोंदणीकृत कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि पत्ता रंगवलेला किंवा लावलेला असला पाहिजे, आणि तो त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही असला पाहिजे, असं खुद्द कंपनी कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने मराठी देवनागरी पाटी छोट्या आस्थापनांनाही सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. जीएसटी क्रमांक पाटीवर आणि प्रमाणपत्र आत भिंतीवर. तेव्हा पाटी एकदाच नीट करून घ्या: वर मराठीत पूर्ण नाव, 'प्रायव्हेट लिमिटेड'सकट, खाली इंग्रजी, मग पत्ता आणि जीएसटी क्रमांक. लेटरहेडवर आणि बिलावर कंपनीचा ओळख क्रमांक, फोन आणि ईमेल. कलम १२ चा भंग झाला तर दिवसाला १,००० रुपये, कमाल एक लाखापर्यंत दंड आहे, कंपनीला आणि कसूरवार अधिकाऱ्यालाही.

पत्ते तपासणं आता कागदापुरतं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये विवरणपत्रं न भरणाऱ्या दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं नोंदवहीतून काढली गेली. २०१९ मध्ये जुन्या कंपन्यांकडून कार्यालयाचे आतले-बाहेरचे फोटो आणि अक्षांश-रेखांश मागवले गेले. निबंधकाला आता जागेवर येऊन पाहण्याचा अधिकार आहे. स्थानिक दोन साक्षीदारांसमोर, फोटोसह. जीएसटीचा अधिकारीही येतो, आणि जागी धंदाच सापडला नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते.

पण दंडापेक्षा मोठा धोका पोस्टाचा आहे. चेक न वटल्याची नोटीस घ्या. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर प्रकरण मिटतं, नाहीतर फौजदारी खटला. नोटीस बरोबर पत्त्यावर पाठवली गेली असेल तर ती पोहोचली असं न्यायालय गृहीत धरतं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे स्पष्ट केलेलं आहे. 'कार्यालय बंद होतं' हा शेरा तुमच्या बाजूने जाईलच असं नाही. करखात्याच्या नोटिसा पोर्टलवर आणि ईमेलवर येतात, तरी कोर्ट, बँक, भविष्य निर्वाह निधी आणि रेल्वेची पत्रं अजून कागदावरच येतात. म्हणून खोली दिवसभर कुलूपबंद राहणार असेल तर खालच्या दुकानदाराशी बोलून ठेवा, पोस्टात त्याच्या नावे अधिकारपत्र द्या, आणि त्याला एक वही द्या: तारीख, पाठवणारा, कुणी घेतलं. आलेल्या पाकिटाचा फोटो त्याच दिवशी तुमच्या मोबाइलवर यायला हवा. सहीचा शिक्का मात्र त्याच्याकडे ठेवू नका.

जुना पत्ता सोडताना

घरचा पत्ता आधीच नोंदवून बसलेल्यांसाठी क्रम असा. शहराच्या हद्दीतच बदल असेल तर संचालक मंडळाचा ठराव, आणि बदलापासून ३० दिवसांत आयएनसी-२२. हद्द ओलांडत असाल तर आधी विशेष ठराव आणि त्याचा एमजीटी-१४. एलएलपी असेल तर फॉर्म १५, तोही ३० दिवसांत. जीएसटीत बदल १५ दिवसांत कळवायचा असतो. ही मुदत कंपनीच्या मुदतीच्या निम्मी आहे, म्हणून बरेच जण इथेच चुकतात. त्यामागोमाग बँकेचं केवायसी, पॅन-टॅन, उद्यम, दुकाने-आस्थापनेची नोंद, भविष्य निर्वाह निधी, विमा पॉलिसी आणि ज्या कार्यालयांची कंत्राटं चालू आहेत तिथलं पत्र. मुदती तारखेनिशी एका कागदावर लिहून सीएकडे आणि स्वतःकडे ठेवा. प्रोप्रायटरला यातलं कंपनी कायद्याचं काही लागू नाही, बाकी सगळं लागू आहे.

नव्या जागेचा करार सुरू झाल्यावरच जुन्या पत्त्यावरून उठा; मधे एक दिवसही पत्त्याविना जाता कामा नये. घरच्यांना सांगून ठेवा की कंपनीच्या नावाचं पाकीट आलं तर 'ते इथे राहत नाहीत' म्हणून परत पाठवायचं नाही, सही करून घ्यायचं. जुन्या पत्त्याची छापील बिलबुकं उरली असतील तर त्यावर शिक्का मारून वापरू नका, रद्दीत द्या. नवी छापायला टाकताना आधी प्रूफ मागवा आणि पत्ता वीजबिलाशी एकदा ताडून पहा.